कानातले खडे आणि पोरीचं बाळंतपण

चक्कर हा शब्द मला आता अजिबात सहन होत नाही. उपासाने येते ती चक्कर, उन्हात रांगेत उभं राहिलं की येते ती चक्कर, आणि मला जे झालं तीही म्हणे चक्करच. एका सकाळी मी उजव्या कुशीवर वळले आणि अख्खी खोली फिरायला लागली. कपाट, पंखा, खिडकी सगळं एकाच बाजूला पळत सुटलं. गादीची कड मुठीत धरली, डोळे मिटले, तरी फिरणं चालूच. थोड्या वेळाने आपोआप थांबलं आणि नुसती मळमळ उरली.

"अहो, खोली फिरतेय," मी म्हटलं.

हे, म्हणजे माझे यजमान, शेजारीच मोबाईल बघत पडले होते. मान न वळवता म्हणाले, "पित्त असेल. थंड दूध पी."

ज्या कुणाला असं झालंय आणि घरचे थंड दूध पाजतायत, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. औषधं सांगायला मी डॉक्टर नाही. पण चार लोकांनी माझं डोकं कसं खाल्लं ते तर सांगू शकते.

पित्त, मान आणि टेन्शन

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि ओट्याला मिठी मारून उभी राहिले. मग आमची वरात निघाली. पहिल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ते चांगलं निघालं. त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढायला लावला आणि मणक्यात गॅप आहे म्हणाले. आता या वयाच्या बाईच्या मणक्यात गॅप नाही तर काय असणार? गळ्यात पट्टा आला. तो पट्टा घालून मी भाजी निवडायला बसले की माझ्या सासूबाई मला निरखून बघायच्या आणि म्हणायच्या, "सारखी मान खाली घालून मोबाईल बघतेस, म्हनून."

मोबाईल बघतात त्यांचे चिरंजीव. पण जाऊ दे.

तिसऱ्या डॉक्टरांनी मला काही विचारलंच नाही, यांना विचारलं, "घरात काही टेन्शन?" हे म्हणाले, "नाही, तसं काही नाही, पण मुलीचं पहिलं बाळंतपण आहे." झालं. डॉक्टरांनी मान डोलवली आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, डॉक्टर, झोपले की तर येते! झोपून करू काय?

मुलीचं बाळंतपण मात्र खरंच होतं. माझी प्रणाली अंबाडीला दिलेली, सातवा लागला होता. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. ओटीभरण सासरी होतं आणि मग पोरीला आपल्या घरी घेऊन यायचं. मी त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. जुन्या सुती साड्या धुऊन, फाडून लंगोट शिवून ठेवले होते, आळीव आणून ठेवले होते. आणि एक गोष्ट मनाशी पक्की होती, बाळाला पायावर घेऊन आंघोळ मीच घालणार. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. माझ्या दोन्ही मुलांना मला घालू दिली नव्हती, सासूबाईंनीच घातली. तेव्हा मी बाजेवरून नुसती बघत होते. आता माझी पाळी होती.

ओटीभरणात काय झालं

अंबाडीला विहीणबाईंनी हॉल सजवला होता. प्रणाली हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसली होती. मी ओटी भरली, कुंकू लावलं. नारळ तिच्या पदरातून घरंगळला तो उचलायला वाकले आणि मान वर केली.

आणि फिरलं. असं फिरलं की हॉलच्या भिंती कुठे गेल्या कळेना. मी धाडकन खाली बसले. हाताला लागलं ते धरलं, तो निघाला विहीणबाईंच्या साडीच्या निऱ्यांचा घोळ. माझा अंबाडा सुटला, केस तोंडावर आले, तोंडातून हुं हुं असा काहीतरी आवाज येत होता. उलटी दाबत होते हो मी! आणि तोल सावरायला बसल्या जागी डुलत होते.

कोपऱ्यातली एक म्हातारी ओरडली, "आय आयली गो! अंगान आयली!" म्हणजे देवी म्हणे माझ्या अंगात आली.

डोळे उघडायची सोय नव्हती, त्यामुळे पुढचं सगळं मी नुसतं ऐकलं. कुणीतरी कपाळाला मूठभर हळद फासली. कुणीतरी धूप पेटवला आणि तो थेट नाकाखाली आणून ठेवला. मळमळत असताना धूप! दोघीजणी दोन खांद्यांना धरून मला सरळ बसवायला बघत होत्या, आणि जरा हलवलं की पुन्हा सगळं गरगरत होतं. तेवढ्यात समोरून आवाज आला तो माझ्या सख्ख्या सासूचा.

"आय, पोरीची सुटका सुखाची कर. बालंतपन माहेरी करू ना?"

त्याच वेळी त्या दोघींनी मला पुन्हा वर ओढलं आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले, "नको! नको!"

खांद्यांवरचे हात झटकन सुटले.

माझी नजर जागेवर येईपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. बायका माझ्या पाया पडत होत्या. विहीणबाई हात जोडून म्हणाल्या, "ताई, आता प्रत्यक्ष देवीनेच नको म्हटलं. आपण माणसं काय बोलणार? बाळंतपण इथेच करू."

"अहो, ते मी म्हटलं! मला हलवू नका म्हणून म्हटलं!"

"तुला काय म्हाईत," सासूबाई म्हणाल्या. "तवा तू तू न्हवतीस."

कप्पाळ माझं. म्हणजे माझ्याच तोंडून माझ्याच लेकीला माहेर बंद झालं आणि मी त्यात नव्हतेच म्हणे! प्रणालीची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, ती तिथेच राहिली. आम्ही तिला न घेता परत निघालो. अंबाडी ते भिवंडी तो रस्ता, ते कंटेनर, ते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मी पुढच्या सीटला कपाळ टेकवत होते. हे गाडी चालवता चालवता म्हणाले, "देवी असेल तर एका अर्थी बरंच आहे. गोळ्या बंद करता येतील."

मी घरी येईपर्यंत यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

मग सुरू झाला नवीन ताप. गावातल्या बायका सकाळी माझ्या दारात. एकीच्या सुनेला नोकरी लागेल का, एकीचा नवरा दारू कधी सोडेल. मी सांगायची, अगं, मला काही येत नाही, मी आजारी आहे. त्या समजूतदारपणे हसायच्या आणि उंबऱ्यावर हळदीकुंकू ठेवून जायच्या.

सापडलं

डोकं चाललं ते प्रणालीचंच. फोनवर मला म्हणाली, "आई, देवी रोज सकाळी तू उजव्या कुशीवर वळलीस की येते का?"

"हो ना."

"आणि डाव्या कुशीवर नाही?"

"नाही."

"मग ती देवी नाही. तू कानाच्या डॉक्टरकडे जा."

कानाचं आणि याचं काय? मला तर छान ऐकू येतं. पण गेले. भिवंडीतच दवाखाना, बाहेर ही गर्दी. डॉक्टरीणबाई वयाने प्रणालीएवढीच असेल. तिने माझा पट्टा काढून बाजूला ठेवला, टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि म्हणाली, "काकी, आता मी तुम्हाला पटकन मागे झोपवणार. फिरेल. पण डोळे उघडे ठेवा, माझ्याकडे बघा."

फिरलं. मी किंचाळले, तिचा ॲप्रन ओढला. बाहेरचे पेशंट उठून बघायला आले. ती मात्र माझ्या डोळ्यांत टक लावून बघत होती. मग हसत म्हणाली, "सापडलं!"

कानाच्या आत बारीक खडे असतात म्हणे, सगळ्यांनाच. ते आपली जागा सोडून भलत्या नळीत शिरले की मान वळवताना मेंदूला वाटतं, आपण फिरतोय. गोळ्यांनी ते काही बाहेर येत नाहीत. तिने माझं डोकं धरून आधी एकीकडे, मग दुसरीकडे वळवलं, मध्ये मध्ये थांबवलं, मला कुशीवर केलं आणि उठवून बसवलं. बस, एवढंच. नंतर पुन्हा झोपवून बघितलं तर खोली जागच्या जागी!

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की रडायलाच आलं. इतके दिवस पट्टा, पित्त, टेन्शन, देवी! आणि करायचं काय होतं, तर डोकं नीट धरून फिरवायचं होतं. डॉक्टरीणबाईने टिश्यू दिला आणि रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला, ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं.

"उन्हात बसता का?" तिने विचारलं.

"अहो, भिवंडीत राहते मी. ऊनच ऊन आहे."

"ते बाहेर आहे. तुम्ही बाहेर असता का?"

मी मनातल्या मनात हिशोब केला. लग्न होऊन आले तेव्हा आमची भातशेती होती. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, वर्षातले कितीतरी महिने पाठ भाजून निघायची. आता त्या शेतात गोडाऊन उभी आहेत, भाडं घरबसल्या येतं. बंगल्याला काळ्या काचा, आत पडदे, गच्चीवर पाणी गळतं म्हणून पत्र्याची शेड. दाराशी गाडीत बसायचं, दुकानाशी उतरायचं. ऊन लागलं की मीच यांना सांगते, एसी वाढवा. सुखाचे दिवस आले असंच म्हणायचे मी सगळ्यांना.

डॉक्टरीणबाईने आठवड्याला एक अशी दुधातून घ्यायची पावडर दिली. म्हणाली, ड कमी असलं की काहीजणांचे खडे पुन्हा पुन्हा सुटतात, म्हणून ते भरून काढू. "पण परत कधीच येणार नाही असं मी सांगणार नाही. आलं तर घाबरू नका, इकडे या."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. कानात खडे म्हटल्यावर त्यांनी मला खिडकीशी नेलं, टॉर्च मारून कानात बघितलं आणि म्हणाल्या, "एक पन खडा न्हाय. लसनीचं तेल घालू?"

दोन्हीकडून तेच

मी हौसेने अंबाडी गाठली. विहीणबाईंपुढे रिपोर्ट ठेवले, सगळं समजावलं. देवी नव्हती, कान होता. आता बरा झालाय. प्रणालीला न्यायला आलेय.

विहीणबाई वाईट नाहीत हो. त्यांनी चहा दिला, रिपोर्ट उलटसुलट बघितला आणि शांतपणे विचारलं, "ताई, म्हणजे हे परत येऊ शकतं?"

"येऊ शकतं, पण..."

"बाळ हातात असताना?"

आता सांगा, यावर काय बोलायचं? देवी असली तर पोरीचं बाळंतपण माहेरी नको, आणि आजार असला तरी नको! मी तिथे भांडले. मोठ्याने भांडले. प्रणाली मध्ये बसून दोघींकडे बघत होती आणि मला वाटत होतं, अगं, बोल की काहीतरी आईच्या बाजूने. ती बोलली नाही.

परत येऊन मी उन्हाच्या मागे लागले. आता आमच्याकडे ऊन शोधायला कुठे जायचं? गच्चीवर पत्रा. अंगणात गाड्या. शेवटी आमच्याच गोडाऊनसमोर ट्रक लागतात त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसायला लागले, बाह्या वर करून. म्हणजे जिथे पूर्वी वाकून भात लावायचे तिथेच आता औषध म्हणून बसायचं. ड्रायव्हर लोक थांबून बघायचे. एकाने काळजीने विचारलं, "चाची, घरवालों से झगडा हुआ क्या?" मी म्हटलं, "हां, सबसे हुआ है."

कोंडी फोडली ती मात्र डॉक्टरने नाही आणि मीही नाही. सासूबाई एका सकाळी कुणाला न सांगता गावदेवीला गेल्या, खणानारळाने ओटी भरली आणि कौल लावला. मूर्तीला फूल चिकटवून प्रश्न विचारायचा, उजवीकडे पडलं तर होकार. फूल उजवीकडे पडलं. सासूबाईंनी स्वतः अंबाडीला फोन केला, "देवीचा राग गेला. पोरीला पाठवा." आणि विहीणबाई हो म्हणाल्या! माझा रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरची चिठ्ठी, माझं इतकं ओरडणं, त्या सगळ्याला कुणी विचारलं नाही. एका फुलाने काम झालं. पण मी तोंड बंद ठेवलं, कारण पोर घरी येत होती.

विहीणबाईंनी एकच अट घातली होती. बाळ ताईंच्या हातात द्यायचं नाही.

आणि प्रणालीने ती मान्य केली होती. मला हे ती आल्यावर कळलं. "मी शब्द दिलाय, आई," ती म्हणाली. "तू चिडू नकोस." पाठ फिरवून मी आळीव भिजवायला घेतले.

बघ्याची भूमिका

मुलगा झाला. गोरा, केसाळ, आवाज थेट आजोबांचा. आंघोळीला मालिशवाली ठेवली. ती पाय पसरून बसायची, बाळाला पायावर घ्यायची, आणि मी बाजूला पाण्याची बादली सांभाळत उभी. तेल जास्त झालं, पाणी कडक आहे, मान धर, सगळं मी तोंडाने सांगायची. एकदा ती म्हणाली, "काकी, मग तुम्हीच घ्या ना." प्रणालीने पटकन दुसरीकडे बघितलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडले. आपल्याच घरात, आपल्याच नातवाला हात लावायला बंदी! आणि दिवसभर पाया पडायला येणाऱ्या बायका आहेतच.

पुढे प्रणाली थोडी नरमली. खाली गादीवर भिंतीला टेकून बसायचं, दोन्हीकडे उशा, ती त्याच खोलीत असायची, आणि मग तेवढ्यापुरतं बाळ माझ्या मांडीवर. मला तेवढंही सोनं होतं. मान ताठ ठेवून बसायची मी, फोटो काढायला बसवल्यागत.

आणि एक दिवस त्याचं टोपरं उजवीकडे पडलं. मी वाकले, घेतलं, मान वर केली. सुरुवात व्हायच्या आधी क्षणभर कळतं, ज्यांना झालंय त्यांना मी काय म्हणते ते समजेल. पायाखालची जमीन थोडी सरकल्यासारखी होते. त्या क्षणात माझ्या मनात आलं की गप्प बसावं. जाईल आपोआप, बाळ मांडीवर आहे, मी भिंतीला टेकलेय, कुणाला कळणारही नाही. बोलले तर विहीणबाई खऱ्या ठरतील, आणि मग कायमचं संपलं.

"पनू! घे त्याला! आत्ताच्या आत्ता घे!"

तिने झडप घालून बाळ उचललं. मी गादीची कड धरून बसले, खोली फिरत राहिली, आणि मी आपली डोळे मिटून सगळ्यांना शिव्या देत होते. कानाला, खड्यांना, डॉक्टरला, ड जीवनसत्त्वाला. थांबल्यावर बघितलं तर प्रणाली बाळाला घेऊन दारात उभी. मग तिने फोन उचलला आणि माझ्यासमोर अंबाडीला, तिच्या सासूला लावला.

"आई, इकडे आईला परत आली होती चक्कर. हो. हो, बाळ तिच्याच मांडीवर होतं. नाही, काही झालं नाही." पुढे काय बोलणं झालं ते तिने दुसऱ्या खोलीत जाऊन केलं. मी ऐकायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. सगळं हरल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईकडे जाऊन खडे पुन्हा जागेवर बसवून घेतले. पावडर चालू, ऊन चालू, झोपताना डोक्याखाली दोन उशा चालू. काही दिवस नीट गेले. बाळाला पुन्हा मांडीवर द्या असं मी म्हटलं नाही आणि कुणी दिलंही नाही.

मग एका सकाळी मालिशवाली आली तर प्रणालीने तिला चहा दिला आणि बसवून ठेवलं. मोरीत भिंतीला लावून पाट मांडला. पाणी काढलं, कोपराने बघितलं आणि मला म्हणाली, "बस. पाय पसर."

"अगं, तुझ्या सासूबाई..."

"त्यांना सांगितलंय मी."

मी बसले. ती माझ्या अंगाला अंग लावून खाली बसली आणि बाळाला माझ्या पायांवर पालथं ठेवलं. गरम, तेलकट, जिवंत गोळा. त्याने लगेच भोकाड पसरलं.

"मी पुन्हा फिरले तर?" मी विचारलं.

"तर हाक मारशील," ती म्हणाली. "आई, तुला चक्कर येणारच नाही असं मला कधी वाटलंच नव्हतं. आली तर तू लपवशील याची भीती होती. तू लपवलं नाहीस."

इतके महिने हिच्यासाठी मी कुणाकुणाशी भांडले, आणि ही बया गप्प राहून हे बघत होती! चांगलं झापायचं होतं मला तिला. पण बाळ रडून लालबुंद झालं होतं आणि माझे दोन्ही हात त्याच्या पाठीवर होते.

"बोलत काय बसलीस," मी म्हटलं, "पाणी घाल."